सतरा नंबरची विनंती

सोमवार, ४
आज नोकरीवर रुजू झाले आणि त्या निमित्ताने वहीही नवी काढली. वाहनतळाची इमारत तीन मजली, आत साठ गाड्या. मला तळमजल्यावर काचेची खोली, एक खुर्ची, समोर पडदा आणि बटणं असलेला बोर्ड आणि पाय पसरायला ऐसपैस जागा. घरी एकटीने भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

काम चष्मेवाल्या मिस्त्रींनी समजावलं. धावत्या गाडीला वळण, माणसं, धुकं सगळं एका क्षणात ओळखावं लागतं. कधीकधी तिचं डोकं अपुरं पडतं. उभ्या गाडीचं डोकं मात्र रिकामंच असतं. मग धावणारी नेटवर्कवरून उभीकडे मदत मागते, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशी. बहुतेक देणंघेणं त्या आपापसात उरकतात. कुठे अडलं, तरच बोर्डावर विनंती येते आणि माणसाने 'द्या' किंवा 'नको' दाबायचं. मिस्त्री म्हणाले, सासूसारखं बसून हुकूम सोडायचा, राबायला साठ सुना आहेत. मी म्हटलं, मला एकच मुलगी, सासू व्हायची हौस राहिलीच होती. किती दिवसांनी हसले.

बुधवार, ६
सकाळी ओल्या फडक्याने गाड्यांच्या कॅमेऱ्यांच्या काचा पुसते. लहान मुलांची तोंडं पुसल्यासारखं वाटतं. मग बोर्डापाशी बसते.

मी शाळेत गेले नाही. साबणाच्या वेष्टनांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं जमवली, पुढे पुस्तकं वाचली. अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचते. इथली प्रत्येक विनंतीही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून मगच बटण दाबते. वरच्या मजल्यावरच्या साहेबीणबाई आज म्हणाल्या, अहो, प्रेमपत्र नाही आलेलं तुम्हाला, पटकन दाबा आणि मोकळ्या व्हा. मी मान डोलावली. पण वाचूनच दाबीन. तसं मी स्वतःला वचन दिलं आहे.

शुक्रवार, ८
सकाळी नऊ बेचाळीसला विनंती आली. 'गाडी सतरा. पुलाजवळचं वळण. समोरचं दिसत नाही. मदत हवी.' मी 'द्या' दाबलं. तिन्ही मजल्यांवरच्या गाड्यांचे पंखे एकदम घरघरले. सगळ्यांनी मिळून श्वास घ्यावा तसे.

जेवायच्या सुट्टीत मिस्त्रींना विचारलं. ते हसले. म्हणाले, सतरा तर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेली, वितळवलीसुद्धा. नंबर कुठेतरी लोंबकळत राहिला असेल, काढून टाकतो.

सतरा नंबरच्या गाडीने आमचे हे कामावर जात असत. पुलाजवळच्या वळणावरच अपघातात गेले. धुकं होतं. नऊ बेचाळीस झाले होते.

रविवार, १०
आज सुट्टी. कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

त्या सकाळी मी आमच्या जुन्या गाडीत बसले होते, पुलाच्या अलीकडे, ग्रंथालय उघडायची वाट बघत. गाडीच्या पडद्यावर कादंबरी वाचत होते. दोनच पानं राहिली होती. मजकुरावर एक चौकोन आला. त्याखाली माझी ओळ झाकली गेली. वेष्टनाचा कागदसुद्धा पुरता वाचल्याशिवाय न टाकणारी मी, तो चौकोन न वाचता 'नको' दाबून मोकळी झाले.

दुसरं पान संपत आलं तेव्हा रुग्णवाहिकेचा आवाज आला.

चौकशीत निघालं की जवळ एकच मोकळी गाडी होती आणि तिने नकार दिला. कुणाची, ते नोंदलं जात नाही. माझी लेक दोन वर्षं म्हणते आहे, कोण मेला असेल तो, त्याचं बोट झडो. मी तिला म्हणते, असं बोलू नये गं. आणि बोट पदराखाली घेते.

सोमवार, ११
नऊ बेचाळीस. पुन्हा सतरा. मजकूर लांबला आहे. 'प्रवासी एक. समोरचं दिसत नाही. प्रवासी विचारतो, वाचतेस ना?'

हे असंच विचारायचे. रोज, दाराशी चपला काढता काढता.

'द्या' दाबलं. मिस्त्रींनी यादी दाखवली. सतरा पुसून टाकलेली आहे. त्यांच्या बोर्डावर काही आलंच नाही.

मंगळवार, १२
आज मजकूर पडदाभर होता. पुलावरचे दिवे, धुकं, ह्यांच्या डब्याचं सैल झाकण, सगळं त्यात. मी बोट ठेवून वाचत गेले. खाली दुसरी एक विनंती झाकली गेली होती, ती दिसलीच नाही. ती गाडी वळणावर अंदाजाने गेली. एका सायकलवाल्या बाईंचा हात मोडला.

साहेबीणबाई म्हणाल्या, पडदा मोकळा होता, तुम्ही कोरा पडदा काय वाचत बसला होता?

माझ्यामुळे. पुन्हा.

बुधवार, १३
ठरवून बसले होते, आज 'नको'. बटणावर बोट ठेवलं. दाबवेना. एकदा दाबलं ते पुरे नाही का? ह्यांना दुसऱ्यांदा —

'द्या' दाबलं. पंखे मघापर्यंत थांबले नव्हते.

दुपारी लेकीचा फोन. उद्यापासून तिची कामाची पाळी बदलली. साडेनऊला निघणार. गाडी बारा. पुलावरून.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. त्या वाटेने जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. ती म्हणाली, का गं आई? का, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. ती म्हणाली, हल्ली अशी चोरासारखी काय बघतेस? मी म्हटलं, काही नाही. चहा प्यायले. परत आले.

एक वाक्य होतं. तेवढंही नाही जमलं.

गुरुवार, १४
साहेबीणबाईंना म्हटलं, आज बोर्डावर दुसरं कुणी बसवा. म्हणाल्या, माणूस कुठून आणू, उद्या बघू. लेकीला फोन लावला. निघाली आहे. उचलत नाही.

वही बोर्डाशेजारीच ठेवली आहे. येईल ते उतरवते. उतरवून ठेवलं की बाकीचं मागाहून वाचता येईल.

नऊ एकेचाळीस. अजून काही नाही.

बेचाळीस. सतरा.

'प्रवासी एक. दिसत नाही. वाचतेस ना? मग या खेपेला सगळं वाच.'

वाचते आहे —

'घाई नको. मी तेव्हा जी हाक मारली होती, तीही पुढे लिहिली आहे.'

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दुसरा चौकोन. बोटभर दिसतो. बारा. तिचा. उलटे मोजले जाणारे सेकंद. तीस —

बटण समोर आहे. 'द्या' दाबलं तर सगळ्या गाड्या सतरालाच लागतील. 'नको' दाबलं की वरचं जाईल. खालचं मोकळं होईल. एवढंच —

पण न वाचता — पुन्हा न वाचता —

पंखे. साठही —

वीस. मजकूर वर सरकतो आहे, संपत नाही, बोट ओळीखालून निघत नाही —

'थांब. दोनच पानं राहिली आहेत.'

हे मी कुणालाच — अहो, ती आपली — तिला तरी —

अकरा. बोट उचलते. उच