उभ्या वाटेचा निकाल

माळवस्ती, ता. वडवणी
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय अक्कास,

बाळूचा जय भीम. दाजींना पण सांग, आणि चैतालीचा एक पापा घे माझ्या वाटचा.

आधी काय शिव्या द्यायच्यात त्या देऊन घे. पत्र लिहितो लिहितो म्हणून किती दिवस घालवले. वही काढली की पेन सापडत नाही, पेन सापडला की मैनुद्दीनचाचाच्या पंक्चरच्या दुकानातून हाक येते, तिथं गेलो की चहा, चहा झाला की दुपार. तू व्हॉट्सॲपवर विचारत राहिलीस, निकाल काय लागला, आणि मी नुसता अंगठा पाठवत राहिलो. त्या अंगठ्याचा तू काय अर्थ लावलास कुणास ठाऊक. फोनवर बोललो असतो, पण घर आपलं एवढंसं, आणि माय सारा दिवस भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्यापुढं बोलण्यासारखं नाही म्हणून हे लिहितोय. आताही चिंचेखाली बसलोय. चिंचेला यंदा लई धरलंय बघ, फांदी वाकून अंगणात आलीय. शेळी व्याली, दोन्ही पिल्लं माद्या. धाकटीच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, चैतालीला फोटो पाठवतो.

हं. निकाल आपल्या विरोधात गेला.

झालं लिहून. हेच लिहायला इतके दिवस लागले.

कागदावर काय आहे ते पुढं सांगतो. आधी तारेचं सांगतो, कारण तू उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आलीच नाहीस. आप्पाराव गेल्यावर त्यांच्या पोरांनी पायथ्याचं वावर पावसाळ्यातच विकलं, ते तुला माहीत आहे. घेणारे पुण्याकडचे. त्यांनी आधी नुसते खांब रोवले तेव्हा आम्ही हसलो, म्हणलं हरणं येतात म्हणून असेल. मग तार आली. ओढ्याच्या अंगाला पण तारच. आणि उभी वाट जिथं वावरातून निघून डोंगराला लागते ना, बरोब्बर तिथं लोखंडी गेट. पाटी लावलीय, खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद. तिच्याच खाली बारीक अक्षरात, निसर्ग पर्यटन केंद्र लवकरच. म्हणजे आपल्याला बंद आणि तिकीटवाल्याला चालू. ज्या दगडांवर आपण घसरत मोठे झालो, त्यावर आता पोरं तिकीट काढून घसरणार.

गेटवर सिरसाळ्याकडचा सटवा नावाचा माणूस बसतो. भांडायला म्हणून गेलतो, तर त्यानं मलाच खुर्ची दिली.

म्हणलं, "सटवाभाऊ, उघड की. डोंगर काय तुझ्या मालकानं बांधलाय का?"

"मला कावून बोलता बाळूभाऊ? वरतून फोन येतो मला."

"वर तर डोंगर हाय, तिथून कोण फोन करतंय?"

तो हसला. मी पण हसलो. गेट काही उघडलं नाही. अशा माणसावर धड रागावता पण येत नाही.

दुसरी वाट नाहीच अक्का. पलीकडून कडा आहे. पोलीस भरतीच्या पोरी पहाटे वाटेनं पळत चढायच्या, त्या आता हायवेच्या कडेनं पळतात. परवा उज्ज्वलाला ट्रकनं असा कट मारला की ती खड्ड्यात जाऊन पडली, कोपर सोललंय. तिचा बाप म्हणतो, बस झाली भरती. मैनुद्दीनचाचाला डॉक्टरनं चालायला सांगितलंय शुगरसाठी, तर तो पेट्रोल पंपाला चकरा मारतो. पंपावाला विचारतो, चाचा, काही हरवलंय का? सीताफळाच्या दिवसात बायांना वर जाता आलं नाही, वर फळं झाडालाच पिकून फुटली, खाली वास यायचा. पौर्णिमेला वरच्या पठारावर बसून वंदना व्हायची, ती यंदा विहाराच्या गच्चीवर झाली. आणि माझं म्हणशील तर बीडहून रविवारी डोंगर बघायला माणसं यायची, मी त्यांना वर न्यायचो. एवढं एकच काम मला कंटाळा न येता जमलं होतं. ट्रकवर टिकलो नाही, लोणावळ्याच्या हॉटेलात टिकलो नाही, हे तू दर वेळी मोजून दाखवतेस. इथं टिकत होतो.

तर तू तहसीलदाराला अर्ज लिहून दिलास. लई चांगला लिहिला होतास, साहेबानं पण म्हणलं, कुणी लिहिलाय? मी म्हणलं, माझी बहीण शिक्षिका आहे परभणीला. मग साहेब जागा बघायला आले. माणूस वाईट नव्हता, त्याचाच जास्त राग येतो. चपला भरल्या चिखलानं तरी तारेपर्यंत चालत आले, सगळ्यांचं ऐकून घेतलं. मैनुद्दीनचाचानं नीट सांगितलं, की माझा बाप पण ह्याच वाटेनं शेरडं न्यायचा. नवनाथनं नेहमीचं भाषण ठोकलं. तो त्यात आपल्या आज्यापर्यंत पोचला होता, तेवढ्यात साहेब म्हणाले, "जुन्या माणसाला बोलू द्या."

जुनं माणूस म्हणजे आपली माय.

तू दिलेली निळी साडी नेसून आलती. तू आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतंस, माय घाबरू नको, जे खरं ते सांग. ती घाबरली नाही. पदर नीट करून पुढं झाली.

साहेब म्हणाले, "आजी, वावरात तर ज्वारी पेरत होते ना हे? वाट पिकात जायची की मग?"

"जायची की. पेरलं की आमी ओढ्याच्या कडंनं जायचो. ज्वारी काढली की पुन्हा वाट पाडायचो."

"म्हणजे कशी?"

मग मायनं सगळं सांगितलं. रंगवून, हात हलवून. तुला आठवत असेल, कणसं खुडून कडबा उचलला की आपल्या बाया गुळाचा खडा घेऊन बांधावर जायच्या. माय पुढं. बांधावरूनच हाक मारायची, मालक, वाट मोकळी झाली का? आप्पाराव गूळ तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, झाली, चाला. मग माय पहिली चालायची, तिच्या मागं सगळी वस्ती. धसकटं टोचायची पायाला. आपण लहान होतो तेव्हा तू मला कडेवर घ्यायचीस आणि स्वतः रडायचीस. शंभर पायांनी तुडवली की संध्याकाळपर्यंत वाट पांढरी दिसायची. ही आपली रीत. मला तर वाटायचं, जगात सगळीकडं वाटा अशाच होतात.

साहेबांनी विचारलं, "दर साली विचारायचात?"

"दर साली," माय म्हणाली. "न इचारता कसं जाणार साहेब? चोर हाव का आमी?"

तिला वाटलं, आपण वस्तीची अब्रू सांगतोय. साहेबांनी पेन थांबवला, माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा लिहायला लागले. पुण्याकडच्यांचा वकील तारेला टेकून उभा होता. तो पहिल्यांदाच हसला.

मला कळलं अक्का. त्या घडीला कळलं. मी ओरडलो, "माय, तू गप बस ना आता!" सगळ्यांपुढं.

ती गप बसली. अजून बसलीच आहे.

कागदावर लिहून आलंय की अर्जदार दर वर्षी मालकाची परवानगी घेऊन जात होते, सबब ही परवानगीची वाट होती, वहिवाटीचा हक्क सिद्ध होत नाही. परवानगी देणारा गेला, जमीन विकली, परवानगी संपली. मी तो कागद उलटा धरला, सुलटा धरला. म्हणजे आम्ही दांडगाईनं ज्वारी तुडवत गेलो असतो, आप्पारावाशी डोकी फोडून घेतली असती, तर वाट आमची. माणसासारखं वागलो म्हणून गेली. तू शाळेत पोरांना शिकवतेस ना, विचारून घ्या, विचारून जा? आता काय शिकवणार सांग. तुझ्यावर पण राग आला मला, खरं सांगतो. खरं सांग म्हणलीस, तिनं सांगितलं.

वस्तीचं काय विचारतेस. नवनाथ पारावर बसून म्हणतो, "एका गुळाच्या खड्यात डोंगर देऊन टाकला म्हातारीनं." माणसं हसतात. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा माय नळावर होती. हंडा अर्धाच भरला आणि घरी आली. तेव्हापासून पाणी मीच आणतो. वत्सलाबाई रोज तंबाखू मळायला यायची मायपाशी, ती पण येईना. उज्ज्वलाची आई समोरून जाताना मान फिरवते. मैनुद्दीनचाचा तेवढा येतो, दारातूनच विचारतो, "भिमाबाई, तब्येत?" माय मान हलवते. जेवते अर्धी भाकर. मी बाजारातून तिला आवडतात म्हणून बोरं आणली, ती तशीच सुकली. मी म्हणतो माय, बोल की, शिव्या दे. ती म्हणते, "काय बोलू? मी बोलले की तुमचं वाटोळं होतंय."

म्हणून लिहिलं नाही. निकालाचं नव्हतं काही. हे लिहायचं होतं.

आपला वकील म्हणतो वरच्या साहेबाकडं जाता येतं, पण काहीतरी नवीन पाहिजे, तीच कथा पुन्हा सांगून उपयोग नाही. नवीन कुठून आणू? आप्पाराव तर राहिले नाहीत. परवा तर मनात आलं, पिशवी भरावी आणि जावं कुठंही, मला काय, दर दसऱ्याला जातोच की मी गाव सोडून, संक्रांत झाली की उगवतो, यंदाच तेवढा वाटेपायी थांबलो. पण मायला असं भिंतीला टेकवून कसं जाऊ. तू दोन दिवस रजा काढून ये. तुझ्याशी बोलेल ती. तुला तर ती

थांब जरा. कुणी तरी आलंय.

अक्का, घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. आप्पारावांच्या घरच्या रुक्मिणीबाई आल्यात. आप्पारावांची बायको. ज्यांनी आयुष्यात कधी ओढा ओलांडून आपल्या वस्तीत पाऊल टाकलं नाही, त्या तारेला वळसा घालून, एवढ्या उन्हात, एकट्या चालत आल्यात. साडीला सगळीकडं कुसळं. मला वाटलं पोरांची बाजू घेऊन भांडायला आल्या. मी आडवा झालो दारात. मला म्हणाल्या, "सरक रे, तुझ्याकडं काम न्हाई." आणि उंबऱ्यातच बसल्या, मायच्या समोर.

म्हणाल्या, "भिमाबाई, काढणीचं सांगितलं तुमी त्या साहेबाला. पेरणीचं कावून न्हाई सांगितलं?"

माय पदर सावरून बसली.

"मी दर साली तिफण धरायच्या आधी ओढ्यावर येऊन उभी ऱ्हायची का न्हाई? वाट पेरू का गं, म्हणून कोण इचारायचं तुमाला? आन पहिली मूठ वाटंवर कुणाच्या हातानं पडायची? माझ्या सासूनं घालून दिलेली रीत हाय ती, वाट त्यांची हाय, त्यांना इचारल्याबिगर नांगर घालायचा न्हाई. पोरांनी जमीन इकली तवा मला इचारलं न्हाई. पर मी मेले न्हाई अजून. मी येते साहेबापुढं."

मला हे ठाऊकच नव्हतं अक्का. पेरणीच्या दिवसात मी कधी घरी असतो? लहान होतो तेव्हा शाळेत, आता परगावी. तू होस्टेलला. मी मायकडं बघत राहिलो. आप्पारावांच्या वावरात, आपल्या वाटेवर, दर साली पहिली मूठ आपल्या मायच्या हातची पडायची!

म्हणलं, "माय, हे कावून सांगितलं नाहीस?"

तिनं इतक्या दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाली, "साहेबानं काढणीचं इचारलं, तेवढं सांगितलं. पुढचं सांगणार होते. तू गप बस म्हणलास."

आता त्या दोघी बोलतायत. मी बाहेर आलोय हे संपवायला. तू पहिल्या गाडीनं ये, नवा अर्ज तुलाच लिहायचाय. ह्या वेळी मी एक शब्द मधे बोलणार नाही.

मायचं बोलणं अर्ध्यात तोडणारा,
तुझा भाऊ बाळू