उम्म सदफ बेट सोडण्याआधी

मी, हमीदा दाऊद सारंग, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार हर्णै, तालुका दापोली, सध्या राहणार उम्म सदफ बेट, रुवैसच्या पश्चिमेस, अबुधाबी, इथल्या दवाखान्याची नर्स, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, आणि अक्षर वाकडे आले असेल तर तो हाताचा दोष समजावा, बुद्धीचा नव्हे. हृदयाची झडप बदलण्यासाठी मला अबुधाबीला नेणार आहेत. त्यासाठी उद्या सकाळी लाँचने किनाऱ्यावर जायचे आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनला घाबरू नका. ऑपरेशनला मी घाबरत नाही. मला त्या पाण्याची भीती वाटते. मागच्या मार्चमध्ये माझे पती दाऊद त्यात गेले. तेव्हापासून मी होडीत पाय ठेवलेला नाही.

कलम १. माझी मुले दोन. उझैर दुबईत मुहैस्नाहला कामगारांच्या कॅम्पवर सुपरवायझर आहे. रुखसार उम्म अल कुवैनला संसार करते. बँकेतली शिल्लक आणि हर्णैचे घर यांचे वाटे शरियतने ठरवून दिले आहेत, त्यात मी लुडबुड करत नाही. उझैर घर विकायचे म्हणेल. विकू नकोस असे मी म्हणत नाही. बहिणीला विचारल्याशिवाय विकू नकोस. व्यवस्था पाहण्याचा अधिकार मी रुखसारला देते, कारण ती फोन उचलते.

कलम २. माझ्या सोन्याच्या पाटल्या रुखसारची मुलगी सुमैय्या हिला द्याव्यात. तिने काल फोनवर विचारले, "नानी, आर यू स्केअर्ड?" मी "नो, नो" म्हटले. ते खोटे होते. मोठी झाल्यावर तिला हे सांगावे.

कलम ३. बेटावरचे घर सरकारी असल्यामुळे ते मला कोणालाही देता येत नाही. तरी ज्यांनी हे बेट पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी लिहिते. एक रस्ता, तोही चालत गेल्यास चहा निवायच्या आत संपतो. एक मशीद, एक दुकान, शाळा, पाण्याचा प्लांट, खजुराची थोडी झाडे, आणि मागच्या बाजूला कांदळवन. पिढ्यानपिढ्या मासे धरणारी इथली मोजकी घरे, आणि त्यांच्यासाठी पाणी, वीज, दवापाणी बघणारे आम्ही बाहेरचे. पिण्याचे पाणी समुद्रातूनच गोडे करायचे. प्लांट बंद पडला की टाक्यांकडे बघत बसायचे. उन्हाळ्यात दाराची कडी फडक्याने धरावी लागते. हिवाळ्यात वायव्येकडून शमाल वारा सुटला की सामानाची बोट येत नाही, आणि बेटावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्याला विचारतो, "कल आएगा क्या?" दाऊद आणि मी इथे नव्याने आलो, तेव्हा महिनाभर मला झोप लागली नव्हती. आता निघायच्या विचाराने लागत नाही.

कलम ४. माझ्या जागी जी नर्स येईल तिच्यासाठी: दवाखान्याची वीज गेली तर इन्सुलिन आधी मशिदीच्या फ्रिजमध्ये हलवावे, त्यांचा जनरेटर वेगळा आहे. दुकानदार साखर तपासायला येणार नाही, त्याच्या दुकानात जाऊन बोट धरावे. शेजारीण उम्म राशिद "खलास, काही दुखत नाही" म्हणाली की नक्की दुखत असते. तिच्याजवळ आधी चहा प्यावा, मग गुडघा बघावा. माझ्या बकऱ्या तिच्याच. तशाही त्या तिच्याच अंगणात चरतात, आणि आजवर त्यावरून आमचे जे वाजले, ते इथे मिटले असे समजावे.

कलम ५. दाऊदची सर्व अवजारे, पान्यांचा संच, वेल्डिंगचे सामान आणि मासे धरण्याचे तारेचे पिंजरे, जे मुलांनी राजीखुशीने माझ्याकडे सोपवले आहेत, ते भिकाजी धुमाळ यास द्यावेत. हे कलम माझे दीर नोमान यांना आवडणार नाही, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

भिकाजी पोलादपूरकडच्या डोंगरातला. प्लांटवर तो दाऊदच्या हाताखाली होता. मार्चमध्ये पंप जळाला, टाक्या तळाला लागल्या, तेव्हा दोघे लाँच घेऊन सुटा भाग आणायला किनाऱ्यावर गेले. परत येताना शमाल उठला. इंजिन बंद पडले, लाटा आत येऊ लागल्या. लाँचमध्ये लाइफ जॅकेट एकच निघाले, आणि त्याचा बक्कल तुटलेला. तटरक्षकांना भिकाजी संध्याकाळी तरंगताना सापडला. जवळ म्हणून त्याला माझ्याच दवाखान्यात आणला. दाऊद तिसऱ्या दिवशी सापडले.

दफनाच्या दिवशी रुवैसहून आलेले नोमान सगळ्यांसमोर म्हणाले, "जॅकेट एकच होतं ना? मग पराया वाचतो आणि आपला बुडतो, हे कसं?" भिकाजी मशिदीच्या भिंतीशी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि तो निघून गेला. तेव्हापासून रुवैसच्या आपल्या लोकांत हेच बोलले जाते. भिकाजी तिकडे जायचा बंद झाला. इथून मात्र गेला नाही. आज आम्ही पितो ते पाणी तोच देतो.

आता मी जे पाहिले ते. त्या संध्याकाळी भिकाजीचे अंग बर्फासारखे होते. जॅकेट मी माझ्या हातांनी काढले. बक्कल नसल्यामुळे ते दोरीने बांधलेले होते, आणि गाठ पाठीवर होती, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. तिथे माणसाचा स्वतःचा हात पोहोचत नाही. दुहेरी फास आणि शेपूट आत खोचलेले, हर्णैचे सारंग मारतात तशी. ती पाण्याने इतकी आवळली होती की मला दातांनी सोडवावी लागली. भिकाजी शुद्धीवर नव्हता, तरी बडबडत होता, "नको म्हणत होतो, ताई. दाऊदभाई म्हणाले, तुला पोहता येत नाही, मला येतं. हात वर कर."

माझ्या नवऱ्याने शेवटचे काम विचार करून केले आहे. त्यावर कोणी चोरीचा आळ घेऊ नये.

कलम ६. माझे दफन. दाऊद इथल्या कब्रस्तानात आहेत, समुद्राकडच्या बाजूला. मला त्यांच्याशेजारी पडायचे आहे. परंतु अबुधाबीत काही झाले तर मला पुन्हा पाण्यावरून आणू नये. हा विचार मी पुष्कळ केला. शेवटी असे ठरवते की जिथे दम जाईल तिथेच माती द्यावी.

कलम ७. उद्याची लाँच भिकाजी चालवणार आहे. बेटाचा नेहमीचा नाखवा सुट्टीवर आहे, आणि हेलिकॉप्टर चालत जाऊ शकणाऱ्या रुग्णाला मिळत नाही. गेल्या उन्हाळ्यात भिकाजी लाँच चालवायला शिकला, आणि किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात पोहायलाही. उम्म राशिदची नातवंडे त्याला हसली, तरी तो रोज उतरला. हवामान खात्याने वारा मध्यम सांगितला आहे. मार्चमध्येही मध्यमच सांगितला होता. म्हणून हे लिहिते: उद्या वाटेत काही घडले, आणि तो वाचला व मी वाचले नाही, तर त्याला कोणी एक प्रश्नही विचारू नये. त्याने जे केले ते मला मान्य होते, असे आजच्या तारखेने धरावे.

मला न्यायला काल रुवैसहून आलेले नोमान यांना हे सर्व मी स्वतः वाचून दाखवले. वारस नसल्यामुळे साक्षीदार म्हणून ते चालतात. मला साक्षीला तेच हवे होते.

पाचवे कलम ऐकून त्यांनी मला थांबवले. "भाभी, गाठ खरंच पाठीवर होती?"

"माझ्या दातांनी सोडवली."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगत होतात."

ते उठून बाहेर गेले. खिडकीतून मला दिसले, ते प्लांटकडे चालले होते. तिथे भिकाजी लाँचसाठी डिझेल भरत होता. दोघे बराच वेळ उभे होते. काय बोलले ते ऐकू आले नाही. मग नोमाननी एक कॅन उचलला, भिकाजीने दुसरा, आणि दोघे धक्क्याकडे गेले. परत आल्यावर नोमाननी पेन मागितले.

वरील मजकूर माझा आहे आणि मला मान्य आहे. भीती अजून तशीच आहे, तिची नोंद वेगळी करत नाही.

सही: हमीदा दाऊद सारंग

साक्षीदार १: डॉ. प्रज्ञा खानोलकर, भेट देणाऱ्या वैद्यकीय अधिकारी. सही करणाऱ्या बाईंची प्रकृती आज मी तपासली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: नोमान इब्राहिम सारंग, रुवैस. सर्व ऐकले. लाँचमध्ये उद्या मीही बसणार आहे. नवीन जॅकेटे तीन आणवली आहेत. भाभीचे बांधून देण्याचे काम मी भिकाजीला सांगितले आहे. माझेही तोच बांधेल.

स्थळ: उम्म सदफ बेट
दिनांक: २ फेब्रुवारी २०२५, रविवार