उजवा कौल

इब्रामपूर,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

चि. गौरेश,

ताईचे आशीर्वाद. चौतिसाव्या वर्षी 'चि.' कशाला, म्हणशील. आईसाठी तू कधी मोठा होणार नाहीस, मग मी एकटीने तुला मोठं का करू?

इस्पितळाच्या वॉर्डात मोबाईल देत नाहीत, म्हणून तिथल्या समुपदेशक सुप्रिया मॅडमनी पत्र लिहायला सांगितलं. तू नीट जेवतोस, रोज पेपर वाचतोस, असं त्या म्हणाल्या. बरं वाटलं. इकडे आईचे गुडघे तसेच. पूनम पाचवीत गेली. तिचे बाबा जहाजावर, मार्चशिवाय येत नाहीत, म्हणून आम्ही मायलेकी अजून माहेरीच ठाण मांडून आहोत. माकडं माडावर एक शहाळं ठेवत नाहीत. हे काही तुला लिहायचं नव्हतं, पण मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

शनिवारी तुला सोडणार. घरच्या कुणी सही केली तर घरी, नाहीतर निवाऱ्यात. निवाऱ्यातून तू पुन्हा म्हापशाच्या स्टँडवर झोपायला जाशील, ही मॅडमना भीती. "घर नसलं की गोळ्या सुटतात, गोळ्या सुटल्या की कानात आवाज येतात, मग ते आवाज बंद करायला तो पुडी शोधतो," असं त्यांनी मला समजावलं. इतकं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. व्यसन सोडवणारे म्हणायचे आधी डोक्याचा इलाज करा, डोक्याचे डॉक्टर म्हणायचे आधी व्यसन सोडवा. तुझं एकच डोकं, आम्ही त्याचे दोन वाटे करून दारोदार फिरलो.

आता ऐक. गेल्या वर्षी मे महिन्यात तू व्यसनमुक्ती केंद्रात होतास, तेव्हा देवळात कौल घ्यायला मी एकटीच गेले. आईला चालवत नव्हतं. गौरेशला घरी आणू का, असं देवाला विचारलं. सगुण गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. घरी येऊन मी आईला सांगितलं, डावी पाकळी पडली. आई म्हणाली, "देवच नाका म्हणता, मगीर आमी कोण?" तुझं घर त्या दिवशी बंद झालं.

उजवी पडली होती, गौरेश. सगुण मला म्हणालासुद्धा, "उजवो दिला गो बाय देवान. भावाक घरा हाड." तुला घरी आणते म्हणून मी मान डोलावली, तीर्थ घेतलं आणि वाटेत खोटं जुळवलं. त्याच महिन्यात सगुण वारला. विचारणारं कुणी उरलं नाही.

गादीत माणसं बोलतात म्हणून तू भर दुपारी कोयत्याने गादी फाडलीस, तेव्हा पूनम त्याच खाटेखाली लपली होती. तुला ते ठाऊक नाही. देवाचा शब्द मोडण्यापेक्षा मला त्या दुपारची भीती जास्त वाटली. पण ती भीती माझी होती, ती मी देवाच्या नावावर खपवली.

यंदा चवथीला तू आलास. आईने तुला पायरीवर पान वाढलं, आत घेतलं नाही. तू पातोळ्या खाल्ल्यास, पान स्वतः उचललंस आणि तिला वाकून नमस्कार करून गेलास. आई आत जाऊन रडली. मी पूनमला पातोळ्या वाढत होते. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर दोन महिने तरी तुझे वाचले असते. माझी मला लाज वाटते.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ती उठली, तुझी खोली झाडली, आणि तेव्हापासून माझ्याशी एवढंच बोलली आहे: "सही हांव करतलें. तुज्या सांगण्यार आतां माजो विश्वास ना."

तेव्हा शनिवारी आई येते. गुडघे दुखोत, ती पहिल्याच बसने निघणार. तू घरी येणार, हे पक्कं. मी अजूनही घाबरते, ते लपवत नाही. कोयता मी पेटीत ठेवून कुलूप लावलंय. गोळ्यांच्या वेळा मात्र मला लिहून हव्यात, आईला बारीक अक्षर दिसत नाही.

आईबरोबर मी येऊ की नको, ते मॅडमजवळ सांगून ठेव. नको म्हणालास तरी मी रागावणार नाही. तेवढा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

देवाने बोलावलेल्या भावाला दीड वर्ष बाहेर ठेवणारी,
तुझी ताई, तू अजून म्हणत असशील तर,
सिद्धी