उजव्या दाढेचा जोर

१० फेब्रु., मंगळ
दर्शनाच्या जबड्याच्या ऑपरेशनचा रिपोर्ट तयार. माझी सख्खी धाकटी बहीण, आणि रिपोर्ट मला बघायला मिळतो शेजारच्या टेबलावरच्या इम्रानच्या खांद्यावरून! ऑफिसात सरांचं म्हणणं, घरची केस घरच्याने करायची नाही. बरं बाबा. तर इम्रानने तिच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरवर जबडा उभा केला, कापला, मागे सरकवला, जोडून पाहिला. एकदा नुसत्या स्क्रूंनी, एकदा प्लेट लावून. निकाल: दोन्ही सारखेच घट्ट. म्हणजे डॉक्टर स्क्रूच घालणार, वेळ कमी लागतो.
मला पटत नाहीये. का, ते सांगता येत नाही.

१२ फेब्रु., गुरु
अंजूरफाट्याला पाऊण तास ट्रकांच्या मागे. डोक्यात आकडेच. डावीकडच्या कापावरचा ताण आणि उजवीकडचा, तंतोतंत एक. दशांशाच्या पुढचे तीनही आकडे एक! दर्शनाचं काय दोन्हीकडे सारखं आहे? हनुवटी डावीकडे गेलेली, भुवईसुद्धा एक वर एक खाली.
काल्हेरला ऑफिसात पोचल्या पोचल्या इम्रानला विचारलं. "मशीन ने दिया ताई, मैं क्या बोलूँ." आणि खिडकी झटकन बंद केली स्क्रीनवरची. का म्हणून?

१३ फेब्रु., शुक्र
सर डॉक्टरांशी फोनवर. मी आत गेले तर आवाज खाली. "हो हो, आटपून टाकू." काय आटपताय?
दुपारी स्वतःहून, "बहीण कशी आहे गं?" तीन वर्षांत कधी विचारलं नाही या माणसाने. कुठेतरी पाणी मुरतंय.

१५ फेब्रु., रवि
घरी, कोन गावात. दर्शनाने गोडाऊनमधून शर्टांचा ढीग आणलाय, धागे तोडायचं काम. आय कात्री पुढ्यात ठेवते, ही दातांनी तोडते. कट, कट, कट. उजव्याच दाढेनं. पुढचे दात तर तिचे एकमेकांना लागतच नाहीत.
"अगं कात्री घे की!"
"कात्रीला टाइम लागतो, ताई."
"ऑपरेशननंतर दीड महिना कशाला दात लावायचा न्हाय, समजलं?"
"न्हाय लावनार. पन तोंड आपोआप जातं त्याला मी काय करू?"
म्हणजे सगळा जोर उजवीकडे. मग रिपोर्टात दोन्ही बाजू सारख्या कशा? जोडलेलं हाड सरकलं तर पोरगी परत टेबलावर. तिला फक्त मक्याचं कणीस पुढच्या दातांनी खायचंय, एवढंच मागणं.

१७ फेब्रु., मंगळ
इम्रान जेवायला गेला. त्याची फाइल उघडली. हो, चोरून.
सापडलं! अर्धाच जबडा. हिशेब उजव्या अर्ध्याचाच, डावा म्हणजे आरशातल्यासारखी त्याचीच नक्कल. आणि जोर दोन्हीकडे वाटलेला. अर्धं काम वाचवलं लेकाने! तावातावाने सरांकडे निघाले. दारातून परत आले, म्हटलं कुणी केलं त्याचं नावच दाखवू.
नाव माझं.
आम्ही सगळेच प्रत्येक केससाठी वापरतो तो तयार साचा. गेल्या वर्षी मीच केलेला, कॉम्प्युटर धापा टाकत होता म्हणून. खाली माझीच टीप: "तात्पुरतं. नंतर पूर्ण करणे."
मागे बघते तर इम्रान. "मैंने तब पूछा था ना ताई, आधा क्यूँ? आप बोलीं, चलता है."
बोलले होते. आठवलं. आणि मी संशय घेत होते याच्यावर, सरांवर.

१८ फेब्रु., बुध
पूर्ण जबडा. जोर सगळा उजव्या दाढेवर. इम्रान स्वतःचं काम सोडून बसला माझ्याबरोबर. मी त्याची फाइल चोरून उघडली होती, तरी.
नुसत्या स्क्रूंनी जोडलं तर उजवीकडचं हाड सरकतंय, आम्हीच ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे. प्लेटने बरंच कमी.
सरांना सगळं सांगितलं, साचा माझा हेही. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिथेच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर.
"आधीचंही तुमचंच होतं ना? ठीक आहे, प्लेटही तयार ठेवतो. आत हाड बघून ठरवेन."
रागवायला तोंड कुठाय मला? मलाच माझ्या नव्या आकड्यांची खात्री वाटत नाहीये. तीनदा चालवून पाहिलं. आणखी काय तात्पुरतं ठेवलंय मी, कोण जाणे.

२० फेब्रु., शुक्र
ठाण्याला, हॉस्पिटलात. सकाळी साडेआठला नेलं तिला.
न्यायच्या आधी म्हणाली, "ताई, तुजा कॉम्प्युटर काय म्हनतो?"
"प्लेट."
"आनि डॉक्टर?"
"आत बघून ठरवतो म्हणाले."
"म्हंजे कोनालाच म्हाईत न्हाय!" हसली. हसते तेव्हा तोंडावर हात ठेवते, तसाच ठेवला. मग पिशवीतून आयची कात्री काढून माझ्या हातात दिली. "ही सांभाल. आता हीच वापरनार, आयशप्पत."
दोन तास झाले. दारावरचा दिवा लागलेलाच. नर्स म्हणते, चालू आहे. काय घातलं ते सांगत नाही.
ओढणीचा दोरा निघाला होता, मघापासून डोळ्यात खुपत होता. तोडून टाकला.
मग लक्षात आलं, कात्री हातात तशीच आहे, आणि दोरा माझ्या उजव्या दाढेत.