पळी कोणाच्या हातात

५ ऑक्टोबर, रविवार
आणि पळी हिसकली ते हिसकली, वरून हसला बी! वर्ष होत आलं, विसरलो नाही. आमच्या दवनीवाड्याच्या प्रार्थनाघरात दर वर्षी नव्या तांदळाची खीर जो वाढतो तोच चर्चची मंडळी चालवतो, लहान पोराले बी माहीत. आधी आई वाढे. आई गेल्यावर ताई. मग हा नवा पास्टर आला. भर पंगतीत ताईच्या हातची पळी ओढली, म्हणे, "बहिणीनं रांधावं, वाढणं माणसाचं काम. शास्त्रात आहे." तेव्हापासून प्रार्थना तो सांगतो, ताई झाडते. मी इथं केरळात फरशी बसवून राहिलो, पण डोक्यात तेच. त्याले तशाच भर पंगतीत मान खाली घालायले लावीन, तेव्हाच...

८ ऑक्टो.
पाद्री घडवायच्या कॉलेजात काम लागलं. लायब्ररीची फरशी. तिथले म्हातारे फादर ग्रीक शिकवतात. जबलपूरले राहिलेले, हिंदी येते. विचारलं, बाईनं वाढू नये असं कुठं आहे? त्यांनी बायबलातल्या रोमकरांच्या पत्राचा शेवट काढला. फिबी नावाची बाई. आपल्या मराठीत 'सेविका'. मूळ ग्रीक शब्द डायाकोनोस. हे पत्र लिहिणारा पौल, एवढा मोठा प्रेषित, स्वतःले बी तोच शब्द लावतो! तिथं 'सेवक' वाचून आपण हात जोडतो. फिबीपाशी 'सेविका' वाचून झाडू आठवतो.
थापी हातातच राहिली. सापडला साला.

१२ ऑक्टो., रवि.
पास्टरले फोन. शब्द सांगितला. "सेवकच ना? मग तुझी बहीण सेवाच करून राहिली. झाडू आहे ना हातात."
"मंग पौलाच्या हातात बी झाडू द्या!"
फोन कापला त्यानं. दुपारभर मस्त वाटलं. संध्याकाळी नाही. झाडू ताईच्याच हातात.

१५ ऑक्टो.
फादरले म्हटलं, कागदावर लिहून द्या, फिबी मंडळीची मुख्य होती. खाली सही. "इतना मैं नहीं कह सकता, बेटा." मग बसवून समजावलं. त्या काळी लोक हा शब्द जेवण वाढणाऱ्याले लावत, कोणाचा निरोप नेणाऱ्याले लावत, मंडळीत काम करणाऱ्याले बी. फिबीचं पद केवढं, ते एका शब्दावरून ठरत नाही. पण पौल मोठा अन् ती लहान, हे वाचणारे करतात.
राग आला. मले दगड पाहिजे होता, यांनी तोलून अर्धाच दिला.
जेवतानी मात्र ध्यानात आलं. जेवण वाढणाऱ्याले! म्हणजे पास्टरनं ताईच्या हातातून काढलं तेच काम...

१९ ऑक्टो., रवि.
ताईले सगळं सांगितलं. म्हटलं, खिरीच्या दिवशी येतो, सगळ्यांपुढं त्याले रडवतो. "विज्या, तू येशील, भांडशील, गाडीत बसून जाशील. मले इथंच राहाचं आहे."
मग हळूच, "ती बाई वाढे काय खरंच?"
म्हटलं, पक्कं नाही. फादर बी पक्कं सांगत नाहीत.
"मंग तू खोटं काऊन नाही बोलला?" अन् हसली. लय दिवसांनी.

२६ ऑक्टो., रवि.
ताई आज झाडायले गेली नाही. पास्टरनं माणूस पाठवला, ९ तारखेच्या रविवारी खीर रांधायले ये म्हणून. ताईनं त्याले सांगितलं, "खीर माझ्या आंगणात होईन. त्याच रविवारी, त्याच टायमाले. पास्टरले म्हणा, पंगतीत बसा, मी वाढीन."
फोनवर ओरडलोच मी. ती म्हणे, "नाचू नको. कोण येईन माहीत नाही. शेजारची काकू बी 'पाहू' म्हणते."
आईचा गंज, खिरीचं ते मोठं पातेलं, अन् पळी प्रार्थनाघरातच अडकली. मागायले जात नाही म्हणते.

२ नोव्हें., रवि.
पुढच्या रविवारी खीर, अन् मले सुट्टी नाही. पास्टरचं तोंड पाहाले मिळणार नाही, याचंच दुःख. ताई विचारते, दहा माणसाची करू की मंडळीभर? म्हटलं, सगळ्या मंडळीची कर. कोणी नाही आलं तर गंज उचल, त्याच्या दारात ठेव, अन् तिथं वाढ. गंज नवा घे, मोठा. पळी लांब दांड्याची.
साडेतीन हजार पाठवून राहिलो.