करंट नको म्हटल्याची हकीकत

कबनूर,
२१ मार्च २००४

चि. संग्राम यास आक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी हाय, सर्दी गेली का, बंगळुरात भाकरी मिळते की अजून भातावरच दिवस काढतोस, हे सगळं मी विचारलं असं समज आणि उत्तर लिहायला बस. अक्षर माझं न्हाय हे पाकीट बघूनच कळलं असंल. सून रूपाली लिहून घेतीया. ती शाळेत शिकवते, म्हणून माझं बोलणं मधेमधे दुरुस्त करते आणि मी ते परत बिघडवते. माझ्या उजव्या अंगठ्याची नि पहिल्या बोटाची चिमूट बसत न्हाय, पेन धरायचं कशानं? गेल्या वर्षी फेब्रुवारीत तेलाचा रिकामा डबा कापून त्यात कर्दळ लावायला गेले, ओल्या फरशीवरनं घसरले आणि कोपर बरोबर कापलेल्या पत्र्यावर. (डबा तुझ्या दाजींना कापायला सांगितला असता तर ते अजून कात्री शोधत असते.) कोपर आपटलं की झिणझिण्या येतात बघ, ती नसच तुटली. डॉक्टरांनी शिवली आणि म्हणाले, नस दिवसाला केसभर वाढते, बोटापर्यंत पोचायला वर्ष तरी धरा. ते वर्ष झालं. पोचली तर हात माझा, न्हाई तर हा असाच लोंबता राहणार.

त्यावर तुझं ते चार पानी पत्र आलं. नस नि स्नायू जिथं भेटतात तिथलं तू शिकतोस, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. गल्लीत मी ‘भाऊ नसांचा डॉक्टर’ असं सांगते, त्यामुळं शेजारची धोंडुबाई तिचे दोन्ही गुडघे तुझ्यासाठी राखून बसलीया. रूपालीनं पत्र दोनदा वाचून समजावलं. स्नायूच्या एकेका धाग्यात शेकडो केंद्रकं, प्रत्येकात जनुकं तीच, पण नसेचा निरोप घ्यायचं दार बनवणारं जनुक फक्त नसेच्या टोकाखालच्या केंद्रकांत चालू, बाकीच्यांत बंद. मला लगेच कळलं की! कारखान्यात माग चोवीस असले तरी कुठला चालवायचा नि कुठला बंद ठेवायचा ते जॉबर ठरवतो, तसंच हे. आणि नस हालवते म्हणून स्नायू बाकीची दारं बंद ठेवतो. नस तुटली, हालचाल थांबली, की ते जनुक सगळीकडं चालू होतं आणि स्नायू अंगभर दारं उघडून वाट बघत बसतो, असं तू लिहिलंस. परत आलेली नस बहुतेक वेळा जुन्या जागीच येऊन टेकते, हेबी लिहिलंस. ते ऐकल्यावर मी पदरानं डोळा पुसला. (रूपाली म्हणते, रडलात. डोळ्यात काहीतरी गेलतं. हे लिहू नको गं. लिहिलंस? बरं, राहू दे.)

तुला ते एक्याण्णव साल आठवतंय का? तू दहावीला, मी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला, आणि त्या खोलीत चाकाच्या आवाजावर ओरडून तू शास्त्राचं पुस्तक वाचायचास. माझा धागा तुटला की मी तुझ्याकडं बघत चिमटीतच गाठ मारायची, चाक थांबायच्या आत. तुलाबी शिकायची होती. आठवडाभर शिकवली तरी तुझी गाठ मुंगीएवढी असायला पाहिजे ती मुंगळ्याएवढी व्हायची आणि मालक मला बोलायचे. शेवटी तू म्हणालास, आक्का, तुझ्या बोटांत काय हाय ते मी शोधून काढणार. पोरगं थापा मारतंय असं मला वाटलं. लई आठवण येते रे त्या दिवसांची. आता खोलीतली कांडी मशीनवर भरतात आणि माझी चिमूट साधी टाचणी धरत न्हाय.

तर हकीकत अशी की तुझ्या पत्रानं घोळ केला. इचलकरंजीच्या दवाखान्यात नंदिनी मॅडम हाताला करंट देतात. माझ्या डोक्यात उजेड पडला: करंटनं स्नायू हलतो, हलला की दारं बंद, आणि तेवढ्यात नस आली तर? पावणा दारात नि घराला कुलूप! मी हात पदरात गुंडाळला आणि जोरात सांगितलं, माझी दारं बंद करायची न्हाईत, माझा भाऊ बंगळुरात यावर शिकतोय. रांगेतल्या चार म्हाताऱ्या उठल्या की! त्यातल्या बनाबाईच्या दुखऱ्या खांद्याचा नि जनुकाचा काय संबंध, पण तीबी म्हणाली, आमचीबी दारं उघडीच राहू द्यात. मोठ्या डॉक्टरांना यावं लागलं. शेवटी मॅडमनी तुझं पत्र नीट वाचलं आणि हसून म्हणाल्या, भावाचं खरं हाय, पण नुसतं बसून राहिलेला स्नायू वाळून जातो, म्हणून थोडा हलता ठेवायचा. मग मी गुमान हात पुढं केला. बनाबाई मात्र अजून करंट घेत न्हाय आणि दोष तुला देते.

आता काळजी करू नकोस. परवा पहिलं बोट जरासं हललं. पुढलं पत्र मीच लिहीन, तेव्हा चुका मोजू नकोस. दाजी, पोरं नि धोंडुबाईचे गुडघे तुझी आठवण काढतात.

तुझी,
आक्का

ता.क. बोट हललं असं वर लिहिलंय, ते हललेलं न्हाय. रूपालीनं ते वाक्य लिहायच्या आधी पेन खाली ठेवलं होतं, मी दटावलं म्हणून लिहिलं. तिला बोलू नकोस.

ता.क. दुसरा. करंट नको म्हटलं ते भांडायला न्हाय. भ्या वाटलं होतं रे.

ता.क. तिसरा. स्नायू वाट बघतो एवढं तू लिहिलंस, किती दिवस ते लिहिलं न्हाईस. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, भावालाच विचारा. तू येऊन तीन वर्षं झाली. किती दिवस ते पत्रानं कळवू नको. माझ्यासमोर बस आणि जे असंल ते तोंडानं सांग.