अर्विडने आणलेला कोयोटी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारपासून बेपत्ता असलेली आमची कुत्री निसू सापडली. बटाट्याच्या गोणीत.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या अर्विड निस्कानेनचा ट्रक अंगणात आला. इंजिन चालूच ठेवलं. "पोइका! कोयोटी आणलाय. ओढ्यापलीकडे होता. साठ पावलांवरून, एका गोळीत! रविवारचा आहे, शेडमध्ये ठेवला होता. याच्या कातड्याची चटई कर. तोंड उघडं, दात सगळे दिसले पाहिजेत बघ!" बोलतच सुटला. मी शिकाऱ्यांची मेलेली जनावरं जिवंतासारखी करून देतो त्या माझ्या दुकानातल्या टेबलावर गोणी ठेवली आणि कॉफी न घेताच गेला. बावन्नाव्या वर्षी मला पोइका — पोरा — म्हणणारा हा एकच माणूस उरलाय. मला हसू आलं. चौऱ्याहत्तरीचा म्हातारा, आणि पहिली शिकार केल्यासारखा उड्या मारतोय!

मग दोरी सोडली. आत कोयोटी नव्हता, कुठलाच लांडगा-कोल्हा नव्हता.

डाव्या कानाचं टोक फाटलेलं. चार वर्षांपूर्वी त्यातून साळिंदराचा काटा मीच उपटला होता. पाठीचा रंग माझी बायको लोर्ना भाजते त्या वेलदोड्याच्या पावाचा. पावाचंच नाव तिला दिलं होतं.

किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. वेळ सांगता येत नाही असं माझं कधी होत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहून ठेवतो. रविवारी सकाळी सव्वासातला तिला बाहेर सोडली. हरणांचा हंगाम सुरू होऊन दुसरा दिवस. या पंधरवड्यात, शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घालतो त्या नारिंगी जाकिटाशिवाय ती कधी उंबरा ओलांडत नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. त्या सकाळी जाकीट शेगडीजवळ वाळत होतं. मी धुतलं होतं. चिखलाचे डाग पडले म्हणून! पाच मिनिटांत येईल परत, म्हटलं.

दुसऱ्याची चूक लिहायची तर आपली आधी लिहावी. लिहिली.

आता त्याची. निसू नऊ वर्षं दर शनिवारी अर्विडच्या सौनाच्या, त्याच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसायची. आम्ही आत घाम गाळायचो, ती बाहेर राखण करायची. बाहेर आलो की तो सॉसेजचं साल सोलून तिला भरवायचा — हातानं! गोळी लांबून लागली, ठीक. डोळे अधू झालेत त्याचे, सगळ्यांना माहीत आहे, तोच कबूल करत नाही. पण उचलली ना तिला? गोणीत घातली ना? पाय दुमडले असतील, डोकं आत ढकललं असेल. आणि ओळखलं नाही? या माणसानं तिला ओळखलं नाही!

२० नोव्हेंबर

लोर्ना म्हणते, "जा, सांग त्याला."

"त्याला कळत नाही तर मी कशाला सांगू?"

"कार्ल, उद्या ओढ्यापलीकडे माणूस असेल."

"मग शेरीफ सांगेल."

तिने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "तुला सांगायचं नाहीये. तुला त्याला शिक्षा करायचीय. फरक आहे."

शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस पोरांना ओरडून ओरडून तिला सवय झालीय. माझ्यावर नाही ओरडायचं, म्हटलं.

२१ नोव्हेंबर

शीतपेटीत सात हरणांची मुंडकी. प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. आठवी ती. चिठ्ठी नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सौनाला गेलो नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पाच वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या सौनाच्या धुरांड्याचा धूर दिसला. बर्चची लाकडं, पांढरा सरळ धूर. सात वाजेपर्यंत जाळत होता. एकट्यासाठी एवढी लाकडं! भाजून घे म्हटलं, भाजून घे चांगला.

लोर्ना टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. चटई करणार.

लोकांना वाटतं मी भुसा भरतो. भुसा माझ्या दुकानात सत्तावीस वर्षांत आलेला नाही! साचा कोरायचा, कातडं त्यावर बेतून बसवायचं, पापणीची कड मातीनं उचलायची. हे मला कुणी शिकवलं नाही. गावच्या वाचनालयातलं एक फाटकं पुस्तक आणि माझ्या हातून वाया गेलेल्या चाळीस खारी, हीच माझी शाळा. आज तीन परगण्यांतून माणसं येतात.

पाळीव जनावर मात्र करायला कधी घेतलं नाही. एक बाई मांजर घेऊन आली होती, रडत. मी म्हटलं, बाई, हरणाचा चेहरा मालकानं कधी पाहिलेला नसतो, म्हणून तो खूश होतो. तुमच्या मांजराचा चेहरा तुम्हाला पाठ आहे. मी कितीही चांगला केला तरी तुम्हाला तो खोटाच दिसेल. ती चिडून गेली. माझंच बरोबर होतं.

हा नियम अर्विडसाठी मोडणार. तोंड उघडं, दात सगळे. माझ्या हातची सगळ्यात चोख चटई. त्याच्या सौनाच्या दारात अंथरीन. त्यावर त्यानं अनवाणी पाय ठेवला की मग सांगीन — कुणावर उभा आहेस ते.

हे वाचून माझं मलाच बरं वाटतंय. वाटू दे.

२४ नोव्हेंबर

मापं घेतली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत तीन इंच आणि पाच अष्टमांश. दोन कानांमधलं अंतर चार इंच. मान, कानांच्या मागे, साडेचौदा.

काचेच्या डोळ्यांचा खण उघडला. कोयोटीचे पिवळे डोळे तीन जोड्या होत्या. तिचे तपकिरी. उजव्यात खालच्या बाजूला निळा ठिपका, तांदळाएवढा. असा डोळा कुठल्याच कारखान्यात मिळत नाही. रंगवता येईल. मी रंगवू शकतो. माझ्याइतका हुबेहूब कुणी रंगवणार नाही.

सुरी पोटाच्या मध्यरेषेवर टेकवली. तिथे केस पातळ आहेत, तिथंच खाजवून घ्यायला ती उताणी पडायची. एक मागचा पाय हवेत हलवायची, आपोआप.

सुरी टेकवलेलीच राहिली. हात पुढे गेला नाही.

मग मी मोठ्यानं रडलो. दुकानाचं दार लावलेलं होतं. हरणांनी ऐकलं असेल.

२५ नोव्हेंबर

रेडिओवर सांगितलं, उद्यापासून पारा शून्याखाली जाईल आणि वर येणार नाही. एकदा जमीन गोठली की एप्रिलपर्यंत कुदळ चालत नाही.

दुपारी लोर्ना कामावरून लवकर आली. शेडमधून दुसरी कुदळ घेऊन आली. सफरचंदाच्या झाडाखाली, साडेतीन फूट खोल. मी तीन म्हटलं होतं. ती म्हणाली, "कोल्हे उकरतात. आणखी अर्धा."

तिला माझ्या लोकरीच्या शर्टात गुंडाळलं. बरोबर जाकीट ठेवलं. स्वच्छ आहे.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. अर्विड दरवर्षी आमच्याकडे जेवतो, भोपळ्याच्या गोड पाईचा पहिला तुकडा त्याचा. आज त्यानं लोर्नाला फोनवर सांगितलं, छातीत कफ झालाय. बरं झालं! लोर्नाने तरी तिसरी थाळी मांडली आणि जेवण होईपर्यंत उचलली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज गेलो. सांगायलाच गेलो होतो. रस्ताभर वाक्य तयार करत होतो — अर्विड, तो कोयोटी नव्हता. एवढंच. पुढचं त्याचं त्यानं बघावं.

पायरीवर बर्फ पडलं होतं. कुणाच्या पायाची खूण नाही.

"आलास," म्हणाला.

"आलो."

आत बसलो. त्यानं दगडांवर पाणी टाकलं, वाफ कानांना झोंबली. नेहमी तो बडबडतो — कुणाच्या गायीनं काय खाल्लं, पाद्री किती लांबण लावतो, त्याची लेक हेल्मी ग्रीन बे शहरात नवऱ्याचं कसं ऐकत नाही. आज चूप. मला वाटलं, चटईचं विचारेल. विचारलंच नाही! एवढी उड्या मारत आणलेली शिकार, आणि आठवणसुद्धा नाही. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"चटई होत आलीय," मी म्हटलं.

तो थांबला. पळी हातात तशीच.

"दात फार सुरेख आलेत. जबडा तुला हवा तसा उघडलाय. बघशील तर म्हणशील, जिवंतच आहे."

"हं," म्हणाला.

एवढंच. हं! मग उठला, दार ढकललं आणि तसाच उघडा बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला. बराच वेळ. माझ्याकडे पाठ. मी वरच्या फळीवरून बघत होतो. म्हाताऱ्याला आता वाफ सोसत नाही, म्हटलं. मी कपडे चढवले आणि त्याच्या बाजूनं निघून आलो. हाक मारली नाही त्यानं.

मी जिंकलो असं वाटायला हवं होतं. घरी येऊन जेवलो नाही.

लोर्ना: "सांगितलंस?"

"हो."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिच्याशी खोटं बोलल्याचं आठवत नाही. आता आठवेल.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी पावणेदहाला हेल्मीचा फोन. अर्विडची मुलगी. लहानपणापासून सरळ बोलणारी.

"कार्ल, एकच विचारते. तू खरंच तिची चटई केलीस?"

मी म्हटलं, कुणाची.

"नाटक करू नकोस. बाबांनी मला त्या रविवारीच फोन केला होता. जवळ गेले, कानाला हात लागला आणि कळलं, म्हणाले. दोन दिवस तिला शेडमध्ये त्यांच्या कोटात ठेवलं होतं. मी म्हटलं, बाबा, घरी पोचवा तिला आणि सरळ सांगा. ते निघाले सांगायलाच. तुझ्या दारात उभे राहिले आणि तोंडातून कोयोटी निघालं. एकदा निघालं, मग चटई काय न् दात काय, थांबवताच येईना, म्हणाले. तुझी वाट बघतायत तेव्हापासून. गोणी उघडशील, येशील, मारशील, म्हणून. शनिवारी आलास. काल दिवसभर ते जेवलेले नाहीत. मी सांगितलं, कार्ल असं करणार नाही. सांग मला, मी खोटं बोलले का?"

"नाही," मी म्हटलं. "सफरचंदाखाली आहे."

पलीकडे ती नाक पुसत होती. मग म्हणाली, शुक्रवारी येतेय, त्यांना कायमचं घेऊन जायला. डोळ्यांचं त्यांनी स्वतःच कबूल केलं.

शुक्रवारपर्यंत चार दिवस. आज सोमवार, सौनाचा वार नाही. तरी त्याच्या सौनासाठी ट्रकमध्ये लाकडं भरलीयत. त्याला आधी इकडे आणतो, सफरचंदापाशी. हात धरूनच आणावं लागेल, बर्फात त्याला दिसणार नाही.